वावर विकू नको, दादा

दक्षिण अरी अटॉल, मालदीव
११ जानेवारी २०२६

ती. दादास सा. न.

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार. वहिनीला नमस्कार, पोट्ट्यांना खूप खूप आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज तुटत होता, पण जे ऐकू आलं तेवढ्यानेच माझी झोप गेली. ताडोब्याच्या जंगलाच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेलं आपलं चार एकरांचं वावर नागपूरची एक पार्टी रिसॉर्टसाठी मागते आहे, आणि बाबा 'तुम्ही पोरं काय ते ठरवा' म्हणून गप्प झालेत. बाबा गप्प झाले की मला भीती वाटते. हे फोनवर बोलण्याजोगं नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. मी शिकवते त्या शाळेतल्या केरळच्या बाई रजेवर निघाल्यात. त्या कोचीला उतरून हे पत्र पोस्टात टाकतील.

मावशी दर वेळी म्हणते, "तुझी काय बाई मजा, रोज समुद्र!" आपल्यालाही लोक असंच म्हणतात ना, "तुम्हाला काय, रोज वाघ दिसत असेल." आईचा सगळा जन्म त्या जंगलाच्या कडेला गेला. तिला वाघ दिसला तो मोहफुलं वेचताना, आणि त्या दिवशी ती टोपली तिथेच टाकून घरी आली होती. लोक जिथे चार दिवस सुट्टीला येतात तिथे राहणं ही वेगळीच गोष्ट असते. हे मला आपल्या गावात असताना कळलं नव्हतं, इथे येऊन कळलं.

इथला माझा दिवस सांगते. पहाटे अजान होते, मग मी उठते. सूर्य वर यायच्या आत पोरं गणवेशात शाळेकडे निघालेली असतात. सुट्टी शुक्रवार-शनिवारची. कांदा, आलू, डाळ, तेल, सगळं बोटीने येतं, त्यातला कांदा-आलू बहुतेक आपल्याच देशातला. समुद्र खवळला की बोट येत नाही आणि दुकानाची फळी रिकामी राहते. हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, तर दागिन्यासारखा वाटतो. (केरळच्या बाईंना मी सांबार म्हटलं की त्यांना डाळच आठवते.) माशाला मात्र तोटा नाही. सकाळी कुसकरलेला टुना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू एकत्र करून रोटीबरोबर खातात. त्याला मासहुनी म्हणतात आणि रोटीला रोशी. आईला सांग, रोशी अगदी आपल्या पोळीसारखी असते.

आणि घरोघरी बंगई आहे! इथे तिला उंधोली म्हणतात. लाकडी फळी, चार दोरखंड, दुपारी त्यावर म्हातारं माणूस झोके घेत बसलेलं. पहिल्या दिवशी ती पाहिली आणि मला रडू आलं. मोठ्या बहिणीला इथे 'दत्ता' म्हणतात. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या घरमालकिणीला मीही दत्ताच म्हणते.

आता मुद्द्याचं. या देशात पर्यटन १९७२ साली सुरू झालं. पुढे ठरलं ते असं की जिथे वस्ती नाही अशी बेटं रिसॉर्टला द्यायची, एका बेटावर एकच रिसॉर्ट, आणि पाहुण्यांनी गावाच्या बेटांपासून लांब राहायचं. म्हणून दारू तिकडे चालते, इकडे सक्त मनाई. आमच्या किनाऱ्यावरून रात्री समोरच्या रिसॉर्टचे दिवे दिसतात, पाण्यावर ओळीने, दिवाळीसारखे. मी सातवीच्या वर्गात विचारलं, "तिकडे कोण कोण जाऊन आलंय?" बावीस पोरांपैकी तीन हात वर झाले. अकरा जणांचे बाप तिथेच कामाला आहेत. ते महिना-दीड महिन्याने चार दिवस घरी येतात. एक पोरगी म्हणाली, "मिस, दिवे लागले की मी समजते, बाबांची ड्युटी सुरू झाली." तिचा बाप तिथे जेवण वाढतो. ती सगळं आयुष्य त्या दिव्यांकडे बघत मोठी झाली आहे, आणि ते बेट तिच्या पायाखाली कधी आलेलं नाही.

तू आपल्या शाळेतल्या पोट्ट्यांना एकदा विचार की ताडोब्याचा तलाव किती जणांनी डोळ्यांनी पाहिला. आईच्या लहानपणी पौषातल्या यात्रेला बंडी जुंपून तलावाकाठी जायचे, भाकरी बांधून. आज गावात सफारीच्या उघड्या जिप्सी आहेत, पण त्यांत बसायला आपल्या माणसाजवळ पैसे नाहीत.

२००९ नंतर इथे नियम बदलले आणि वस्तीच्या बेटांवर गावकऱ्यांना गेस्टहाउस काढता आलं. दत्ताने समोरच्या तीन खोल्या पाहुण्यांना दिल्या. पैसा घरात आला, हे मी रोज बघते. तिची पोरगी मालेला शिकते ती त्याच पैशावर. नवरा रिसॉर्ट सोडून घरी आला, आता पाहुण्यांना बोटीतून समुद्रात फिरवतो. रात्री पोरांसोबत जेवतो. ही फार मोठी गोष्ट आहे, दादा, आणि म्हणूनच मी पर्यटनाला सरसकट वाईट म्हणणार नाही. तुझीही जिप्सी त्याच धंद्यावर चालते.

पण तिची उंधोली अंगणातून गेली. तिथे आता पाहुण्यांचं टेबल आहे. तिची आई मागच्या खोलीत खाटेवर बसून असते, तिथून तिला गल्ली दिसत नाही, कोणी येता-जाता तिच्याशी बोलत नाही. बेटाचं एक टोक पडदा बांधून पाहुण्यांच्या पोहण्यासाठी ठेवलंय. बाया-पोरी अंगभर कपड्यांत दुसऱ्या टोकाला, संध्याकाळी पाण्यात उतरतात. जानेवारीत गर्दीचे दिवस असतात, तेव्हा पाहुणे कॅमेरा घेऊन गल्लीत फिरतात आणि विहिरीवरच्या, दारातल्या बायांचे फोटो न विचारता काढतात. वहिनी चुलीपुढे बसली असताना त्या मोटारवाल्यांनी काढला होता तसाच. ती दोन दिवस धुसफुसत होती, आठवतं?

इथे 'सफारी' म्हणजे जिप्सी नव्हे, बोट. पाहुणे तिच्यावरच राहतात, खातात, झोपतात. आमच्या अटॉलमध्ये, म्हणजे बेटांच्या या कड्यात, व्हेल शार्क बारा महिने दिसतो. नाव शार्क असलं तरी हा गरीब प्राणी आहे, पाण्यातलं बारीकसारीक गाळून खातो. बसएवढं लांब अंग, आणि त्यावर चितळासारखे पांढरे ठिपके. एका बोटीला दिसला की फोन जातात, चारी दिशांनी बोटी येतात आणि धडाधड माणसं पाण्यात उड्या टाकतात. २००९ मध्येच हा भाग संरक्षित जाहीर झाला, अंतर किती ठेवायचं, बोट किती हळू चालवायची, सगळे नियम आहेत. तरी कित्येकांच्या पाठीवर बोटीच्या पंख्याच्या जखमांचे वण आहेत. मी एकदाच गेले. पाण्यात उतरले नाही. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघीण पाणी प्यायला आली आणि दोन्हीकडून जिप्सींनी वाट अडवली, ती परत झुडपात गेली, असं तू सांगितलं होतंस आणि सांगताना तुझा चेहरा पडला होता. मला तो चेहरा आठवला.

पाण्याचं नीट समजून घे, कारण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. हे बेट म्हणजे प्रवाळ आणि वाळू. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावरच्या सायीसारखं. विहिरीतून हळूहळू काढलं तर पुरतं. पंप लावून उपसलं की साय फाटते आणि खालचं खारं वर येतं. दत्ताच्या विहिरीचं पाणी तिच्या सासूबाई पीत होत्या, आता त्याने भांडीसुद्धा घासवत नाहीत. लोक पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात, नाहीतर समुद्राचं पाणी यंत्राने गोडं करून वापरतात. आपल्याकडे खाली खारं पाणी नाही, पण मे महिन्यात आपली विहीर तळ दाखवते. शेजारच्या वावरात खोल बोअर मारून पोहण्याचा तलाव भरला, रोज हिरवळीला पाणी दिलं, तर आपल्या विहिरीत काय राहील? आणि नुसत्या आपल्याच नाही, नाल्याकडच्या सगळ्यांच्या.

वावरातून काही उरत नाही हे मला माहीत आहे. रानडुकरं धान तुडवतात, जागलीला जाऊन तुझी झोप होत नाही, सोयाबीन गेल्या वर्षी हातचं गेलं, वर जिप्सीचे हप्ते. तू आळसापायी विकायला निघाला नाहीस, दमलास म्हणून निघालास. म्हणून नुसता उपदेश करत नाही. पुढचे सहा महिने जिप्सीचे हप्ते मी भरते. पैसे तुझ्या खात्यावर येतील, नाही म्हणू नको.

आणि माझं मत ऐक. इथल्या सरकारनेसुद्धा रिसॉर्टवाल्यांना बेटं विकलेली नाहीत, ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलीत. मुदत संपली की जमीन परत. त्या पार्टीला सांग, विकायचं नाही. फारच गरज पडली तर भाडेपट्टा, सातबारा बाबांच्याच नावावर, बोअर मारायचं नाही ही अट लिहून, आणि कागद चिमूरच्या ओळखीच्या वकिलाला दाखवून. ते तयार होणार नाहीत बहुतेक. न होऊ देत. एकदा विकल्यावर तिथे गेटवर वॉचमन म्हणून आपलेच पोट्टे उभे राहतील आणि आपल्याच धुऱ्यावर पाय ठेवायला त्यांना कोणाची तरी परवानगी लागेल. नवेगाव, जामणीची माणसं व्याघ्र प्रकल्पासाठी जंगलातून उठून बाहेर आली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांशी एकदा बोल. पैशाचं बोलतील, पण आधी जुन्या वावराबद्दल बोलतील.

त्यापेक्षा गोठ्याच्या जागी दोन खोल्या काढ. बैल गेल्यापासून तो रिकामाच आहे. मातीच्या भिंती, वर कौलं, स्वच्छ संडास, एवढं पुरे. वहिनीच्या हातची पाटवडी-रस्सा आणि वडाभात नागपूर-पुण्याचे लोक बोटं चाटत खातील. जंगल मंगळवारी बंद असतं, त्या दिवशी पाहुणे घ्यायचे नाहीत. तो दिवस घराचा. आणि ओसरी, आईची बंगई, मागची सांदवाडी यांना हात लावायचा नाही. दत्ताच्या घरी मी रोज जे बघते, त्यामुळे हे एवढं निक्षून लिहिते आहे. फोटो काढायचा तर विचारून, हे दारावर मराठी-हिंदीत लिहून ठेव.

मार्चमध्ये मोह पडायला लागेल. आईला म्हणावं, उजाडल्याशिवाय जायचं नाही आणि चार-पाच जणींशिवाय तर नाहीच. वाकून वेचणारं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे तूच सगळ्यांना सांगत असतोस. तिला सांगायला विसरू नको.

माझी रजा मंजूर झाली आहे, होळीच्या आधी पोचते. येताना सुकवलेला टुना आणते. बाबा खाणार नाहीत, पण तू खा. तोवर पार्टीकडून बयाणा घेऊ नको, एक रुपयाही नको. हे पत्र बाबांना तूच वाचून दाखव, बंगईवर बसवून, घाई न करता. आणि त्यांचा चष्मा बदलला की नाही ते कळव.

तुझी,
छोटी