‘हे नको, ते करा’ म्हणणाऱ्यांचे आभार

वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे, वृद्धाश्रमाच्या कार्यालयात किंवा रोपवाटिकेच्या फाटकापाशी बसणाऱ्या, आणि शाळेचा फोन आला की ज्यांच्या हातात तो दिला जातो त्या सगळ्या ताई-दादांना,

स. न. वि. वि.

शाळेच्या सेवाप्रकल्पाचा कौतुक सोहळा होतो तेव्हा आभारप्रदर्शनात तुमचं नाव शेवटून दुसरं येतं. तुमच्यानंतर फक्त ध्वनिक्षेपकवाले. तोवर लोक चपला शोधायला उठलेले असतात. म्हणून हे आभार कागदावर, सावकाश.

पहिले आभार तुमच्या ‘नको’बद्दल. शाळेकडून येणारे प्रस्ताव ठरलेले असतात. भिंत रंगवू, जुने कपडे गोळा करू, गाणी म्हणून दाखवू. ही कामं आमच्या सोयीची, एका दिवसात उरकणारी, फोटोत छान दिसणारी. तुमच्या बाजूने पाहिलं तर भिंत मागच्याच वर्षी दुसऱ्या शाळेने रंगवलेली असते. कपड्यांची पोती निवडायला दोन माणसं अडकतात आणि फाटकं-मळकं टाकून देण्याचा खर्चही तुमच्याच माथी येतो. तोंडावर ‘नको’ म्हणणं अवघड असतं, कारण समोर उत्साहाने आलेली मुलं असतात. तरीही तुम्ही म्हणता, ‘कपडे राहू द्या. कपाटातल्या दीडशे पुस्तकांची पानं सुटलीत, ते जमेल का?’ खरा प्रकल्प इथे सुरू होतो.

सेवेतून शिक्षण या कल्पनेला ‘सर्व्हिस लर्निंग’ हे नाव अमेरिकेत १९६७ साली रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅमसे यांच्या कामातून मिळालं. सिग्मन यांनी १९७९ साली तीन तत्त्वं मांडली. त्यांतलं पहिलंच असं की ज्यांच्यासाठी सेवा करायची, ती कोणती आणि कशी हे त्यांच्या हातात असावं. आम्ही शिक्षक हे तत्त्व प्रशिक्षणात लिहून घेतो आणि शाळेत येऊन भिंतीचा रंग विकत आणतो. तत्त्व पाळलं जातं ते तुम्ही अडवता म्हणून.

मुलांना न आणता झालेल्या पहिल्या भेटीबद्दलही आभार. या तासाभरात तीन गोष्टी कळल्या तरी पुढचं निम्मं काम मार्गी लागतं. कोणतं काम माणसं नसल्यामुळे वर्षानुवर्षं पडून आहे? कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी कोणीही येऊ नये? मुलं आली की त्यांच्यासोबत तुमच्याकडचं कोण थांबणार? तिसऱ्याचं उत्तर ‘बघू’ असेल तर तारीख ठरवू नये. हे सगळं एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. भेट रद्द झाली तर कोणी कोणाला कधी कळवायचं, फोटो कोणाचे काढायचे नाहीत, आणि मुलं गेल्यावर त्या कामाची देखभाल कोणाकडे, या तीन ओळी त्यात हव्यातच. शेवटची ओळ बहुतेक शाळा विसरतात.

आता त्या दीडशे पुस्तकांकडे. सुटं पान बसवायचं म्हटलं की मुलांचा हात आधी चिकटपट्टीकडे जातो, आणि तुम्ही तो धरता ते बरं करता. चिकटपट्टीचा गोंद कालांतराने पिवळा पडतो, कागदात मुरतो. पट्टी गळून पडते, डाग राहतो. त्यापेक्षा पानाच्या शिवणीकडच्या कडेला बारीक कुंचल्याने पांढऱ्या गोंदाची जेमतेम तीन मिलिमीटरची रेघ ओढायची, पान आत सरकवून वरखाली मेणकागद ठेवायचा, पुस्तक मिटून रात्रभर वजनाखाली दाबायचं. चुका दोनच होतात. गोंद जास्त लागतो आणि शेजारची पानं चिकटतात, किंवा दहा मिनिटांनी ‘बसलं का’ म्हणून पुस्तक उघडलं जातं. दुसरी चूक जास्त होते.

शिकाऊ हातांच्या एका जोडीकडून एका भेटीत चार पुस्तकं होतात. चार जोड्या म्हणजे सोळा, पाच भेटींत ऐंशी. दीडशेचं आश्वासन दिलेली शाळा शेवटच्या भेटीत घाई करते आणि घाईत पानांचा क्रम चुकतो. ‘ऐंशीच करा, पण क्रम तपासून करा’ असं आधीच सांगणारे तुम्ही, आमच्या गणिताच्या तासाला जे जमत नाही ते शिकवून जाता.

गर्दीबद्दल बोलायलाच हवं. बत्तीस मुलांचा वर्ग एकदम आत आला की काम आठजण करतात, बाकीचे एकमेकांना चिमटे काढतात. आठ-आठचे चार गट, प्रत्येकासोबत एक मोठं माणूस, आणि दोन तासांची भेट हे प्रमाण चालतं. त्यात पंधरा मिनिटं समजावून सांगायला, सव्वा तास कामाला, पंधरा मिनिटं आवराआवरीला आणि उरलेली पंधरा बोलायला. घाई झाली की आवराआवर आणि बोलणं या दोनच गोष्टी कापल्या जातात. पहिलीचा त्रास तुम्हाला, दुसरीचं नुकसान मुलांचं.

वृद्धाश्रमातल्या ताईंचे आभार वेगळे मानायचे आहेत. आजी-आजोबांच्या आठवणी नोंदवणं हा प्रकल्प दिसायला सोपा, करायला फार नाजूक. ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी ओरडून बोलायचं नाही, हे तुम्ही मुलांना पहिल्या पाच मिनिटांत सांगता. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि मुलांचा आवाज ओरडताना नेमका त्याच पट्टीत चढतो. समोर, उजेडात, डोळ्यांच्या पातळीवर बसून खालच्या पट्टीत सावकाश बोललं की काम होतं. पंखा बंद ठेवायचा, फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकून घडी घातलेल्या रुमालावर ठेवायचा, म्हणजे टेबलाची थडथड ध्वनिमुद्रणात येत नाही. दहा-बारा प्रश्न पुरतात. ‘तुम्हाला शाळा आवडायची का?’ याचं उत्तर ‘हो’ एवढंच येतं; ‘शाळेत जायची वाट कशी होती?’ विचारलं की पुढची वीस मिनिटं आपण फक्त ऐकायचं. चाळीस मिनिटांवर थांबायचं, समोरच्याला अजून बोलायचं असलं तरी, कारण थकवा नंतर जाणवतो. आणि अर्ध्या तासाचं ध्वनिमुद्रण लिहून काढायला नवख्या मुलाला दोन तासांहून जास्त लागतात, हे वेळापत्रकात धरलेलं नसतं. मग नोंदी फोनमध्येच राहतात. लिहून झालेला मजकूर त्या आजींना वाचून दाखवा, त्यांनी ‘हे नको’ म्हटलेलं खोडा, मगच भिंतीवर लावा, हा तुमचा आग्रह अगदी रास्त आहे.

झाडांचं काम करणाऱ्या दादांना आम्ही सर्वांत जास्त छळतो. ‘किती रोपं देणार?’ हा आमचा पहिला प्रश्न आणि ‘नळ कुठे आहे?’ हा तुमचा. हिशेब साधा आहे. तीस रोपं, प्रत्येकी दहा लिटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे सहाशे लिटर. पंधरा लिटरच्या चाळीस बादल्या. मुलं बादली अर्धीच भरतात, म्हणून ऐंशी फेऱ्या. नळ शंभर पावलांवर असेल तर तिसऱ्या आठवड्यात उत्साह आटतो, आणि शाळेच्या लांब सुट्टीत उरलेली रोपंही वाळतात. शिवाय प्लॅस्टिकची पिशवी न काढता रोप खड्ड्यात गेलं, किंवा पिशवीत गोल गोल वाढलेली मुळं मोकळी केली नाहीत, तर झाड वर्षभर तग धरून मग खुरटतं, आणि कारण कोणाला कळत नाही. पालापाचोळ्याचं आच्छादन पाच ते सात सेंटिमीटर जाड हवं, पण खोडाला टेकता कामा नये, नाहीतर खोड कुजतं. तुम्ही तिसाची बारा करायला लावता, सुट्टीतल्या पाण्याची पाळी लिहून घेता, आणि लावलेल्या दिवशीचा आकडा न विचारता वर्षानंतर जगलेल्यांचा विचारता.

काम संपल्यावरच्या पंधरा मिनिटांत तुम्ही मुलांबरोबर बसता, हेही सोपं नाही. मागे तुमचं काम खोळंबलेलं असतं. ‘कसं वाटलं?’ असं आम्ही विचारलं की ‘छान वाटलं’ हेच ऐकायला मिळतं. तुम्ही विचारता, ‘आज कोणतं पुस्तक दुरुस्त न करता परत ठेवलंत, आणि का?’ मग बोलणं सुरू होतं. बुरशी लागलेलं पुस्तक वेगळं ठेवायचं, ते इतरांना खराब करतं, इथून गोष्ट विज्ञानाच्या धड्यापर्यंत जाते. नळाच्या गळतीचंही तसंच. मापाचं भांडं पंधरा मिनिटं नळाखाली धरा, आलेले मिलिलिटर शहाण्णवने गुणा. पन्नास मिलिलिटर आले तर दिवसाला ४.८ लिटर. धड्यातला गुणाकार मुलांनी असा स्वतःहून केलेला आम्ही वर्गात क्वचित पाहतो.

आता कौतुक सोहळ्याबद्दल, कारण तुमच्या तक्रारी रास्त आहेत. तुम्हाला व्यासपीठावर बसवून शेवटी दोन शब्द बोलायला सांगणं चुकीचं. तुम्ही आधी बोलावं, पाच मिनिटं, काय उपयोगी पडलं आणि काय नाही ते. मग भाषणं नकोतच. टेबलं मांडावीत, प्रत्येकावर तीन-चार मुलं आणि त्यांचं काम: दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं पुस्तक, पाण्याची वही, मेलेल्या रोपांची यादी कारणांसकट. पाहुण्यांनी फिरत फिरत प्रत्येक टेबलापाशी सहा-सात मिनिटं थांबावं. तासाभरात आटोपतं. फसलेलं काम झाकू नये. त्या टेबलापाशी लोक जास्त वेळ थांबतात.

प्रमाणपत्राचा मोह मात्र आवरायला हवा. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता. चित्र काढलं तर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांची आवड तशी घटली नाही. म्हणून प्रमाणपत्र द्यायचंच तर आधी जाहीर करू नये, तासांवरून क्रमांक लावू नयेत, आणि ‘उल्लेखनीय सेवेबद्दल’ या शब्दांऐवजी ‘अठरा पुस्तकांची पानं बसवली, सहा नाकारली’ असं लिहावं. खाली सही मुख्याध्यापकांच्या शेजारी तुमचीही.

तास मोजण्याची हौस जगभर आहे. अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात शालान्त प्रमाणपत्रासाठी पंचाहत्तर तासांची सेवा लागते. मुलांचे तास मोजतात तसे एकदा तुमचे मोजून पाहू. प्रत्येक भेटीआधी सामान मांडायला अर्धा तास, भेटीचे दोन, मुलं गेल्यावर विस्कटलेलं जागच्या जागी लावायला एक. साडेतीन तास. एका गटाच्या पाच भेटींचे साडेसतरा. चारही गट तुमच्याकडेच आले तर सत्तर. हे सत्तर तास कोणत्याही वहीत चढत नाहीत. यापुढे सोहळ्याच्या फलकावर मुलांच्या तासांशेजारी तेही लिहायचं आम्ही ठरवलं आहे. आणि विस्कटलेलं लावण्याचा तो एक तास मुलांच्या वेळेत घ्यायचा, म्हणजे तुमचे अडीचच राहतील.

आपले,
सेवाप्रकल्पांचं काम पाहणारे शिक्षक

ता. क. शेवटच्या गटाची पुस्तकं अजून वजनाखाली असतील, तर आतले मेणकागद काढायला मुलांना पाठवतो. ते स्वतः काढू नका. कोणतं पान सुटलं आणि का, हे त्यांनीच पाहायचं आहे.