ताई, तुम्ही कधीच बरं करण्याचं वचन दिलं नाहीत

प्रिय फिजिओथेरपिस्ट ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण झिजवणारा आजार) निदान झालं की माणसावर सल्ल्यांचा मारा सुरू होतो. हे खाऊ नकोस, ते कायमचं सोड, आणि मुख्य म्हणजे पडून राहा, जिवाला त्रास करून घेऊ नकोस. सांगणाऱ्यांची माया खरीच असते, पण नवा पेशंट त्या गर्दीत पार गोंधळून जातो. तुम्ही मला जे शिकवलंत ते अशा कुणाच्या तरी नजरेस पडावं, म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात आधी आभार मानायचे ते उष्णतेबद्दल तुम्ही केलेल्या खुलाशाचे. व्यायाम सुरू केला की थोड्याच वेळात माझी नजर धूसर व्हायची, पाय जड पडायचे. पुन्हा अटॅक आला असंच वाटायचं आणि हातपाय गळून जायचे. तुम्ही मला खुर्चीत बसवलंत, पंखा लावलात, गार पाण्याचा ग्लास हातात दिलात आणि म्हणालात, "आता फक्त थांबा. काय होतंय ते आपण दोघी बघू." हळूहळू समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पुन्हा वाचता येऊ लागलं. मग तुम्ही सांगितलंत की, विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्येच हे टिपून ठेवलं होतं. श्रमांनंतर त्यांच्या पेशंटची नजर मंद व्हायची. त्यामागचं कारण उष्णता आहे, हे पुढे लक्षात आलं. मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण जिथे झिजलेलं असतं तिथून संदेश आधीच कसाबसा पुढे जातो. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तो अडखळतो. शरीर गार झालं की पुन्हा पहिल्यासारखा जाऊ लागतो. यात नवी इजा काही होत नाही.

लगेच दुसरी बाजूही सांगितलीत. नवीन त्रास सुरू झाला किंवा जुना बळावला, तो चोवीस तासांहून जास्त टिकला आणि ताप किंवा कुठला संसर्गही नाही, तर तो रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा अटॅक, असू शकतो. तेव्हा वाट न बघता न्यूरॉलॉजिस्टना फोन करायचा. इतकं स्वच्छ मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. घाबरायचं कधी आणि पंख्याखाली नुसतं बसायचं कधी, हे कळलं की माणूस व्यायामाला तयार होतो. म्हणून आपला व्यायाम सकाळी, शरीर ताजं आणि हवा गार असताना. सुरू करण्याआधी गार पाणी, मानेवर ओला रुमाल, आणि मधे मधे बसून घ्यायचं.

एकेकाळी डॉक्टरसुद्धा एमएसच्या पेशंटना श्रम टाळायलाच सांगत, हेही तुमच्याकडूनच कळलं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ५४ पेशंटवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका गटाने १५ आठवडे नियमित एरोबिक व्यायाम केला. त्यांचा दम वाढला, ताकद वाढली, मनही सावरलं. व्यायामामुळे रिलॅप्स वाढतात ही भीतीसुद्धा नंतरच्या अभ्यासांत टिकली नाही. तुम्ही हे मला सांगितलंत, आणि माझ्या घरच्यांना समोर बसवून पुन्हा सांगितलंत. त्याचे आभार वेगळे मानते. माझं 'आराम कर' ऐकणं थांबलं ते तुमच्या त्या अर्ध्या तासामुळे.

खुर्चीतून उठण्याचा धडा तर मी जन्मभर विसरणार नाही. आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायच्या. मग पुढे इतकं झुकायचं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल, आणि तिथून वर. बसताना धपकन नाही, तर मनातल्या मनात आकडे मोजत, मांड्यांना काम देत खाली यायचं. तुम्ही माझ्या यजमानांना सांगितलंत, "त्यांना हाताला धरून ओढू नका. शेजारी उभे राहा, तोल गेला तरच हात द्या." ते आजही तसेच उभे राहतात. स्वच्छतागृहात, पाहुण्यांत, प्रवासात कुणाचा आधार न घेता उठता येणं ही काय चीज आहे, ते ज्याचं गेलंय त्यालाच कळतं.

रात्री पोटऱ्या आखडून यायच्या, त्यासाठी तुम्ही दिलेला स्नायू ताणण्याचा व्यायाम साधाच होता: भिंतीला हात टेकून टाच जमिनीवर, हिसका न देता तीस सेकंद धरून ठेवायचं, श्वास रोखायचा नाही. तोल सांभाळण्याचे व्यायाम मात्र कायम भिंतीच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून. त्यावर तुम्ही कधी तडजोड करू दिली नाहीत. तुमचा आणखी एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय: व्यायामाचा थकवा दोन तासांत उतरायला हवा; नाही उतरला तर पुढच्या वेळी कमी करायचं. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास दम वाढवणारा आणि दोनदा ताकदीचा व्यायाम करावा, असं मार्गदर्शक सूत्र आहे, हे तुम्ही मला खूप उशिरा सांगितलंत. आधी सांगितलं असतं तर मी त्या आकड्याच्या मागे धावले असते, हे तुम्ही ओळखलं होतं.

आता आहाराबद्दल. मी तुमच्यापुढे डाएटची कात्रणं ठेवली होती. एमएस थांबवतो असं सिद्ध झालेला एकही आहार आजवर नाही, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलंत. त्या दिवशी वाईट वाटलं. पण तुमच्या पुढच्या प्रत्येक शब्दावर मी विश्वास ठेवला तो त्या एका स्पष्ट वाक्यामुळे. तुम्ही मला आहारतज्ज्ञांकडे पाठवलंत. भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे चालत असतील तर मासे, तुपालोण्यासारखी घट्ट चरबी कमी, पाकिटातले तळलेले पदार्थ कमी, असं ते सगळं साधंच निघालं. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची जोड मिळाली की एमएसमधलं अपंगत्व लवकर वाढतं. म्हणून हे साधं खाणंही आपल्या कामाचं. ड जीवनसत्त्व रक्ततपासणी करून, डॉक्टर सांगतील तेवढंच. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. आणि कुठल्याही आहारासाठी एमएसचं औषध बंद करायचं नाही, हे तुम्ही दोघींनी दोनदा बजावलंत.

पाण्याचा मुद्दा इथे जरा सविस्तर लिहिते, कारण लाजेपायी त्यावर कुणी बोलत नाही. लघवी आवरत नाही म्हणून आमच्यापैकी कितीतरी जण पाणी पिणंच कमी करतात. पाणी कमी झालं की लघवी दाट होऊन मूत्राशयाला आणखी चेतवते. पोट साफ होत नाही, भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर येतो. त्यातून संसर्ग झाला की ताप, आणि ताप आला की पुन्हा पाय जड, नजर धूसर. ही साखळी तुम्ही कागदावर बाण काढून दाखवलीत. दिवसभर थोडं थोडं पाणी, संध्याकाळनंतर कमी, चहा-कॉफी बेताची, जेवणात चोथा भरपूर. इतक्यानेच माझं बाहेर पडणं सुरू झालं.

शिवाय स्वयंपाकाला लागणारी शक्ती हाही आहाराचाच भाग आहे, हे तुमच्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नसतं. भाजी बसून चिरायची, जड भांडी कमरेच्या उंचीवर ठेवायची, अंगात त्राण असेल त्या सकाळी दुप्पट करून ठेवायचं. दमून उपाशी झोपण्याची वेळ येत नाही आता.

जेवताना ठसका लागतो हे मी सहज बोलून गेले, तर तुम्ही तिथेच थांबलात. "हे माझं क्षेत्र नाही," म्हणत गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टना चिठ्ठी लिहून दिलीत. स्वतःच्या ज्ञानाची हद्द इतक्या सहज सांगणारं माणूस मला या आजारात फार क्वचित भेटलं.

माझा एमएस गेलेला नाही. उजवा पाय अजून ओढतो, काही दिवस अंथरुणातच जातात. अशा दिवशी पडल्या पडल्या घोटे हलवले तरी ते तुम्ही वहीत व्यायाम म्हणून मांडता, उपकार केल्यासारखं न दाखवता. त्याबद्दल काय आणि कसं बोलू, सुचत नाही.

एक विनंती आहे. नव्याने निदान झालेलं कुणी तुमच्याकडे आलं आणि फार घाबरलेलं असलं, तर माझ्या वेळेला त्यांना बोलवा. मी खुर्चीतून उठून दाखवीन. पंख्याखाली बसायची वेळ आली तर तेही त्यांना बघू दे.

तुमची,
एक कृतज्ञ पेशंट