पहिली फेरी पडद्याआड घ्या

महोदय,

माझ्या भाचीला ‘परफेक्ट पिच’ आहे. स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटला तरी ती मान न वळवता ‘काळी चार’ म्हणते आणि पेटीवर तपासलं की तोच सूर निघतो. आधाराला दुसरा सूर न घेता स्वर ओळखणं फार थोड्यांना जमतं. अगदी लहानपणी संगीत शिकू लागलेल्यांत ते जास्त आढळतं. (ते जमलं म्हणजे गाता गळा मिळतोच असं नाही, पण हिला तोही मिळाला आहे.)

तिचे दात बरेच पुढे आहेत, एक डोळा किंचित तिरळा आहे. गेल्या महिन्यात एका गायनस्पर्धेच्या निवडफेरीत परीक्षकांनी तिच्या गाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ‘कॅमेऱ्यासमोर जरा अवघड आहे,’ एवढंच तिच्या आईला सांगितलं. घरी येईपर्यंत पोर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. ते बोट अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा मूक चित्रफीत पाहणाऱ्यांनी संगीतस्पर्धेचे विजेते अधिक अचूक ओळखले. म्हणजे खऱ्या परीक्षकांवरही दिसण्याचा मोठा पगडा होता. अमेरिकेतले अनेक वाद्यवृंद १९७०-८० च्या दशकांपासून उमेदवाराला पडद्याआड बसवून निवडतात. गायनस्पर्धांची निदान पहिली फेरी तशीच घ्यावी, अशी आयोजकांना कळकळीची विनंती आहे.

– एक मामा