खिडक्यांवरील टिंट फिल्मच्या उष्णतारोधाविषयी केलेल्या दिशाभूल करणाऱ्या दाव्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पश्चिमेकडील खोलीच्या चार तावदानांवर बसवलेली फिल्म सदोष माहितीच्या आधारे विकल्याबद्दल आणि त्यांपैकी एक तावदान तडकल्याबद्दल.

महोदय,

आपल्या कंपनीच्या कारागिरांनी पाच आठवड्यांपूर्वी माझ्या घरातील पश्चिमेकडील खोलीच्या चार तावदानांवर टिंट फिल्म बसवून दिली. या खोलीत बसून मी दिवसभर वाचन-लेखनाचे काम करते. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरला की ऊन थेट टेबलावर येते आणि छज्जाचाही उपयोग होत नाही, म्हणून उन्हाची झळ कमी व्हावी, पण वाचण्यापुरता उजेड राहावा, एवढीच माझी अपेक्षा होती आणि ती मी आपल्या विक्री प्रतिनिधींना पहिल्याच भेटीत स्पष्टपणे सांगितली होती. आज माझ्या खोलीतला उजेड गेला आहे, उकाडा मात्र बऱ्याच अंशी तसाच आहे.

प्रतिनिधींनी मला "95 टक्के उष्णता अडवणारी" फिल्म म्हणून हा माल दाखवला. सोबत आणलेला लाल दिवा लावून, मध्ये फिल्मचा नमुना धरून, त्यांनी मला हात पुढे करायला सांगितले. झळ खरोखरच लागली नाही आणि मी मागणी नोंदवली. त्या प्रयोगात काय दडले होते, हे मला नंतर उमगले. अशा दिव्याची बहुतांश ऊर्जा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पण उष्णता देणाऱ्या, किरणांच्या रूपात बाहेर पडते, तर जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात अवरक्त भाग अंदाजे 53 टक्के, डोळ्यांना दिसणारा प्रकाश 44 टक्के आणि अतिनील भाग 3 टक्के असतो. दिसणारा प्रकाशही खोलीतल्या वस्तूंनी शोषला की त्याची उष्णताच होते. त्यामुळे केवळ अवरक्त किरणे अडवणारी फिल्म दिव्यासमोर जेवढी किमया दाखवते, तेवढी ती उन्हासमोर दाखवूच शकत नाही.

फिल्म बसवल्यानंतर मी वारंवार मागणी केल्यावर आपल्या कार्यालयाने तांत्रिक माहितीपत्रक पाठवले. ते विकण्यापूर्वी मिळायला हवे होते, हे मुद्दाम नोंदवते. त्यातील बारीक अक्षरांत लिहिल्याप्रमाणे 95 टक्क्यांचा आकडा 900 ते 1000 नॅनोमीटर तरंगलांबीच्या एवढ्याच पट्ट्यात मोजलेला आहे. उन्हातली अवरक्त किरणे साधारण 780 पासून 2500 नॅनोमीटरपर्यंत पसरलेली असतात. म्हणजे एवढ्या रुंद पट्ट्यातला आपल्याला सोयीचा तुकडा निवडून त्यावरचे मोजमाप मला सरसकट "उष्णता" म्हणून सांगण्यात आले. त्याच पत्रकात एकूण सौर ऊर्जेचा रोध 55 टक्के, म्हणजेच सौर उष्णता प्राप्तीचा गुणांक (उन्हाच्या ऊर्जेपैकी आत येणारा वाटा) 0.45, आणि दृश्य प्रकाशाचे पारगमन (आत येणारा उजेड) 20 टक्के असे आकडे आहेत. मला सांगायला हवे होते ते हे तीन आकडे, आणि नेमके तेच सांगितले गेले नाहीत.

हे 55 टक्केही सर्वस्वी फिल्मचे कर्तृत्व नाही. माझ्या खिडक्यांना 6 मिलिमीटर जाडीची साधी पारदर्शक काच आहे. अशी नुसती काच सुमारे 88 टक्के प्रकाश आत सोडते आणि तिचा उष्णता प्राप्तीचा गुणांक 0.82 च्या आसपास असतो. फिल्मनंतर प्रकाश 88 वरून 20 वर आला, म्हणजे तो तीन चतुर्थांशांहून अधिक घटला, आणि आत येणारी उष्णता 0.82 वरून 0.45 वर आली, म्हणजे ती निम्म्यानेसुद्धा कमी झाली नाही. याउलट, 70 टक्क्यांच्या आसपास उजेड आत येऊ देऊन उष्णता प्राप्तीचा गुणांक 0.50 च्या जवळपास राखणाऱ्या, निवडक तरंगलांबीच फिल्टर करणाऱ्या फिल्म बाजारात मिळतात. माझी गरज ऐकल्यावर त्या प्रकारची फिल्म सुचवणे हे प्रतिनिधींचे कामच होते. काच जितकी काळी तितकी खोली गार, हा ग्राहकाचा समज मी समजू शकते, कारण माझाही तोच होता. पण विकणाऱ्याने त्या समजावर आपला माल खपवणे मला गैर वाटते.

या काळोखाचा परिणाम असा की, बाहेर ऊन रणरणत असताना मला दुपारी तीन वाजता दिवे लावावे लागतात. या दिव्यांवर खर्च होणारी वीज शेवटी खोलीतच उष्णता होऊन राहते, तेव्हा फिल्मने जे काही वाचवले त्यातला थोडा वाटा दिवे परत करतात. खिडकीतल्या कुंडीतील रोपही काचेकडे मान लांबवू लागले आहे, हे तक्रारीत लिहिण्याजोगे नसेल, पण माझ्या नजरेतून सुटत नाही.

आता अधिक गंभीर बाब. ही फिल्म उष्णता परावर्तित करण्याऐवजी मोठ्या प्रमाणावर शोषून घेते. शोषलेली उष्णता काचेतच साठते, तिचा काही भाग बाहेर जातो आणि काही आत येतो. दुपारी टेबलाजवळ बसले की तापलेल्या काचेची धग चेहऱ्याला जाणवते आणि काचेला हात लावून धरता येत नाही. बसवून तीन आठवडे झाल्यावर डावीकडच्या तावदानाला तडा गेला. तो चौकटीच्या कडेशी काटकोनात सुरू होऊन पुढे वळणे घेत मध्यभागी गेला आहे आणि त्या जागी आघाताची कोणतीही खूण नाही. उष्णतेच्या ताणाने गेलेला तडा असाच दिसतो : उन्हातला मधला भाग तापून प्रसरण पावतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते आणि तिच्यावर ओढ येते. साधी काच असा साधारण 40 अंश सेल्सिअसपर्यंतचा फरक सोसते, आणि कड नीट कापलेली नसेल तर त्याहूनही कमी, तर कडक केलेली काच याच्या कितीतरी पट फरक सहन करते. या तावदानावर दुपारी भिंतीची तिरकी सावली पडते, त्यामुळे अर्धी काच तापलेली आणि अर्धी थंड अशी अवस्था रोजच होते.

फिल्म बसवण्यापूर्वी काच कोणत्या प्रकारची आहे, तिच्यावर सावली कशी पडते, हे पाहणे आवश्यक होते. आपल्या कारागिरांनी यांपैकी काहीही विचारले नाही. उलट, खोली अधिक गार राहावी म्हणून काचेला लागून जाड पडदा ओढून ठेवण्याचा सल्ला दिला. पडद्यामुळे काच आणि कापड यांच्यामध्ये गरम हवा कोंडते आणि काच आणखी तापते. तो सल्ला मी पाळला, आणि आता तड्याची जबाबदारी पडद्यामुळे माझ्यावर येते, असे आपल्या दूरध्वनी विभागाने मला कळवले आहे.

फिल्मचे जे चांगले आहे, तेही नमूद करते. अतिनील किरणांपैकी 99 टक्के अडवण्याच्या दाव्याबद्दल माझी तक्रार नाही. बसवल्यानंतर दिसलेले पाण्याचे बारीक फुगे वाळून गेले असून कडाही सफाईने कापलेल्या आहेत. मात्र फर्निचर व पुस्तके "मुळीच फिकी पडणार नाहीत" असे सांगणे बरोबर नाही, कारण रंग उडण्यात दृश्य प्रकाश आणि उष्णता यांचाही हात असतो. तसेच रात्रीही बाहेरून आत दिसणार नाही, हे आश्वासन पहिल्याच रात्री खोटे ठरले : आत दिवा आणि बाहेर काळोख असला की दिसण्याची दिशा उलटते, हे प्रतिनिधींना ठाऊक नसणे शक्य नाही.

सबब, चारही तावदानांवरील फिल्म आपल्या खर्चाने काढून, तडकलेली काच बदलून द्यावी. त्यानंतर, माझ्या काचेचा प्रकार आणि सावली प्रत्यक्ष तपासून, दृश्य प्रकाश पारगमन 60 टक्क्यांहून कमी नसलेली आणि उष्णता प्राप्तीचा गुणांक लेखी नमूद केलेली फिल्म बसवावी. ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. नवी फिल्म बसवताना एकूण सौर ऊर्जेचा रोध, प्रकाश पारगमन आणि काचेच्या तड्यावरील हमी हे सर्व पावतीवरच लिहून द्यावे. तोंडी आकड्यांवर मी यापुढे व्यवहार करणार नाही.

तड्याची छायाचित्रे, पावतीची प्रत आणि आपल्या माहितीपत्रकातील संबंधित ओळी अधोरेखित केलेले पान सोबत जोडले आहे. तडकलेली काच मी चिकटपट्टीने जागेवर धरून ठेवली असली, तरी वाऱ्याने ती निखळण्याची भीती आहे, म्हणून तिची पाहणी सात दिवसांच्या आत व्हावी आणि उर्वरित मागण्यांवरील लेखी उत्तर 15 दिवसांत मिळावे, ही विनंती.

आपली,
एक ग्राहक