आपल्या भीमा कुत्र्याबद्दल फोनवर सांगितलं नाही ते

सोलापूर, 9 मे

ती. आई आणि अप्पांना साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, मग ही पत्र कशाला लिहीत बसली, असं वाटेल तुम्हाला. फोनवर तुम्ही "भीम्या कसा आहे?" विचारता, मी "बरा आहे, झोपलाय" म्हणते आणि विषय दादाच्या सोसायटीच्या लिफ्टवर नेते. झोपलाय हे खोटं नाही. पण तो आपला आपण उठत नाही, हे मी पाडव्यापासून सांगितलेलं नाही. अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं आणि कळलं असतं तर ते पुढं ढकलून तुम्ही पहिल्या गाडीने निघाला असता. आता टाके निघालेत, काठी घेऊन का होईना अप्पा जिना चढायला लागलेत, दोन आठवड्यांत तुम्ही घरी येणार. दारात आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आई, तू चिडशील. चीड, पण सगळं वाचून मग चीड.

सुरुवात आवाजाने झाली. तो हॉलमधून गेला की मागून खर्र, खर्र. मला वाटलं नखं वाढली. कापायला बसले तर मागच्या पंजांची मधली दोन-दोन नखं वरच्या बाजूने घासून सपाट झालेली, एकातून रक्त आलेलं. पाय उचललाच जात नव्हता, तो फरफटत होता. मग एकेक आठवत गेलं. यंदा गड्डा जत्रेच्या दारूकामाला तो पलंगाखाली शिरला नाही, जागेवरच पडून राहिला. आपण सगळे म्हणालो, म्हातारपणी शहाणा झाला. दरवर्षी होम मैदानावर पहिला बार उडायच्या आत जो पलंगाखाली असायचा, तो एका वर्षात कसला शहाणा होतोय! त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं, आणि पलंगाखाली शिरायला मागचा भाग वाकत नव्हता.

डॉक्टरांनी काय केलं ते सांगते, कारण ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याला उभं धरायला सांगितलं. पुढचा पंजा उलटा करून त्याची वरची बाजू फरशीला टेकवली. भीमाने झटक्यात सरळ केला. मग मागचा पंजा तसाच उलटा टेकवला. तो तसाच राहिला. भीमा माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता आणि पाय उलटा होता. आपला पाय कसा पडलाय हेच त्याला कळत नव्हतं. एक्स-रेमध्ये खुब्याचे दोन्ही सांधे झिजलेले दिसले आणि कमरेच्या मणक्यांवर हाड वाढलेलं. म्हणजे सांधे दुखतात आणि वर पायाकडे जाणारी नसही क्षीण झालीय. यातलं दुखणं कमी करता येतं. नसेची ताकद परत येईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही दोनदा विचारलं नाही. लॅब्रॅडॉर दहा-बारा वर्षं जगतो. आपण त्याला टेंभुर्णीहून आणला 2013 च्या दिवाळीत. हिशेब तुम्हीच करा.

आता अप्पांसाठी. मागे तुम्ही सहज म्हणालात ना, "पाय ओढतोय तर माझी गुडघ्याची अर्धी गोळी दे की." देऊ नका. मी नसताना कुणी मागितली तरी देऊ नका. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, आयबुप्रोफेन म्हणा, डायक्लोफेनॅक म्हणा, कुत्र्याच्या पोटात जखमा करतात आणि मूत्रपिंड घालवतात. तुम्ही सांगायचात, लहानपणी गावाकडं मेलेल्या जनावरावर गिधाडं उतरायची, आता एक दिसत नाही. ती याच डायक्लोफेनॅकने गेली. गुरांना टोचलेलं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं. म्हणून तर 2006 साली सरकारने जनावरांसाठी ते बंद केलं. भीमाला रक्त तपासून, वजन करून मेलॉक्सिकॅम दिलंय. तेही भरल्या पोटी आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तेवढंच.

आणि आईसाठी. भाकरीच्या तुकड्याला शेंगाची चटणी चोळून तू त्याला देतेस हे मला माहीत आहे, नाकारू नकोस. ती बंद. चटणीत लसूण असतो, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिवाय तुपाचा हात. फेब्रुवारीत तो 39 किलो होता, आज साडेपस्तीस आहे. उपाशी नाही ठेवलेला, वाटीने मोजून देते, वर उकडलेली दुधी नाहीतर गाजर. त्या साडेतीन किलोंनी जो फरक पडला तो गोळीनेही पडला नाही. तू आल्यावर तो तुझ्याकडे असा बघेल की जणू मी त्याला पाण्यावर ठेवलंय. फसू नकोस.

घर जरा वेगळं दिसेल. 2019 ला हॉलमध्ये बसवलेल्या चकचकीत टाइल्स त्याच्या जिवावर उठल्या होत्या. एकदा उठताना चारी पाय चार दिशांना गेले आणि तो पोटावर पडला, तसाच पडून राहिला, आवाजही केला नाही. तेव्हापासून त्याने स्वतःच ठरवलं आणि मागच्या पडवीत मुक्काम हलवला. तिथली जुनी शहाबादी खडबडीत आहे, पंजा धरतो. ती काढून टाकायला अप्पांनी नको म्हटलं म्हणून तू आठवडाभर धुसफुसत होतीस, आठवतं? अप्पा जिंकले म्हण. हॉलमधून पडवीपर्यंत मी जाजमाच्या पट्ट्या टाकल्यात, खालून रबर लावून, म्हणजे सरकत नाहीत. पंजांमधले केस कापते, तेही घसरायचं एक कारण. पाण्याचं भांडं उलट्या घमेल्यावर ठेवलंय, मान खाली घालावी लागत नाही.

माळ्यावरचा टॉवेलचा गठ्ठाही फोडलाय. माग विकले तेव्हा अप्पांनी सेकंडचा माल म्हणून ठेवलेला, ज्याच्यावरून तू दर दसऱ्याला बोलायचीस. त्याच टर्किश टॉवेलवर भीमा आता चालतो. मोठा टॉवेल लांबीत दुमडायचा, मागच्या पायांच्या जरा पुढून पोटाखालून घालायचा, दोन्ही टोकं वर एका हातात धरायची आणि त्याच्या कमरेशेजारून चालायचं. उचलायचं नाही, फक्त मागचा भाग पडू द्यायचा नाही. पुढचे पाय अजून बैलासारखे आहेत, तो ओढतो, आपण मागून सांभाळायचं. नर कुत्र्याला टॉवेल नेमका कुठं धरायचा हे शिकेपर्यंत चार टॉवेल आणि माझे दोन ड्रेस भिजले, तो तपशील राहू दे.

पहिल्या आठवड्यात मला हे माहीत नव्हतं. मी त्याला कवेत घेऊन पायऱ्या उतरले. तिसऱ्या पायरीवर कमरेत कळ आली ती तीन दिवस राहिली, बँकेत पाठीमागे उशी घेऊन बसले. अप्पा, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलंय. तुम्ही बघाल की तो उठायला धडपडतोय आणि काठी टाकून वाकाल. वाकायचं नाही. हाक मारायची. मी नसले तर शेजारच्या साईनाथला. तो मागावरून सकाळपाळी करून आला की आधी आपल्याकडे डोकावतो. परवा भीमा टॉवेलच्या आधाराने फाटकापर्यंत गेला, तर हा रस्त्यातून ओरडतोय, "ओ ताई, भीम्या चालायलाय की ओ!" अख्खी गल्ली बाहेर. त्याच्या मेव्हण्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, त्याने पाइप आणि जुन्या बाबागाडीची चाकं लावून एक गाडीही करून दिली. भीमाला ती बांधली तर तो जुंपलेल्या आणि रुसलेल्या बैलासारखा जागेवर उभा राहिला. अर्धा तास. आता त्या गाडीवर तुळशीची कुंडी आहे.

अवघड आहे ते पाण्याचं. नळाला पाणी पाच दिवसांआड, आणि हा दिवसातून एक-दोनदा झोपेत भिजवतो. सुरुवातीला मायेपोटी त्याच्या गादीवर चादर घातली. भिजलेली सोलापुरी चादर पिळायला दोन माणसं लागतात आणि धुवायला अर्धा हौद. आता गादीवर रेग्झिन, त्यावर टॉवेल. टॉवेल पहिल्यांदा वापरलेल्या पाण्यातून काढायचा, मग साबण, मग एकच चांगली बादली. अंग ओलं राहिलं की माश्या बसतात, आणि या दिवसांत जखमेत अळी पडायला एक दिवस पुरतो, म्हणून शेपटीखाली रोज पुसून कोरडं करते. दर तीन-चार तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर खुब्यावर आणि कोपरावर चट्टे पडतात. रात्री दोनचा गजर लावते. गजराआधीच जाग येते, तो पुढच्या पंजाने फरशी खरवडतो. कूस बदलली की एक लांब उसासा टाकतो, अगदी आज्जीसारखा.

ऊन 42 वर आहे. दहाच्या आत आणि सूर्य मावळल्यावरच बाहेर. दुपारभर कूलर त्याच्याकडे तोंड करून, मी घामात. त्याचं भुंकणंही बदललंय, घोगरं झालंय, धाप लवकर लागते. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरचा घसा असा सैल पडतो म्हणे, म्हणून गळ्यातला पट्टा काढून छातीचा घातलाय.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवायच्या इंजेक्शनचा शब्द काढला. लगेच द्या असं नाही म्हणाले. म्हणाले, खातो का, माणूस ओळखून शेपूट हलवतो का, दुखणं औषधात राहतं का, यावर लक्ष ठेवा, वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त व्हायला लागले की बोलू. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खुणा करते. आई, तुझ्या दुधाच्या खाड्यांच्या शेजारी माझ्या फुल्या. फुली म्हणजे वाईट दिवस. एप्रिलात सात. मे महिन्यात आजवर एक.

अप्पा, मला तुमचं उत्तर ऐकू येतंय. आज्जाने सर्जाला शेवटपर्यंत दावणीवरच ठेवलं, बाजार दाखवला नाही, बसल्या जागी वैरण घातली. हे मी शंभरदा ऐकलंय आणि दर वेळी मला आज्जाचा अभिमान वाटलाय. पण त्याच गोष्टीत शेवटी तुम्हीच सांगता की शेवटचे चार दिवस सर्जा हंबरत होता आणि आज्जा गोठ्याकडे फिरकला नाही, मळ्यात जाऊन बसला. तेवढं वाक्य तुम्ही नेहमी घाईने उरकता.

मी आज काही ठरवा म्हणत नाही. आज सकाळी त्याने वाटीभर भात चाटूनपुसून खाल्ला आणि साईनाथची चप्पल पळवायला मान लांब केली. पण तो एखाद्या रात्री हंबरायला लागला, तर पहाटे दोनला तुम्हाला फोन करून, तुमच्यात नि दादात वाद लावून, मग मी एकटीने डॉक्टरांना बोलवायचं, हे माझ्याने होणार नाही. आत्ता, तो खातोपितोय तोवर बोलू. तुम्ही दोघं बोला. "तुला योग्य वाटेल ते कर" एवढं मात्र म्हणू नका. तसं सोडून देणार असाल तर मग माझ्यावर न रागावण्याचा शब्दही आत्ताच द्या. आई, तुझं वेगळं मत असेल तर अप्पांच्या मागून फोन कर, तू करशीलच.

येताना संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरू नका, इथं पोचेपर्यंत रात्र होते आणि स्टेशनवर अप्पांना गर्दीत चालावं लागेल. दादाला गाडीने सोडायला सांगा, सकाळी लवकर निघून उन्हाच्या आत. फाटकातून त्याला हाक मारू नका. ऐकू आलं तर तो उठायची धडपड करेल, आणि तुमच्या वासाने करेलच, म्हणून मी आधीच टॉवेल घालून बसलेली असेन.

अप्पांना आता खाली बसायचं नाही, हे डॉक्टरांनी मला फोनवरही सांगितलंय. म्हणून तुमची हातांची खुर्ची पडवीत त्याच्या गादीला लागून ठेवलीय. तीत बसून हात सैल सोडला की बरोबर त्याच्या दोन कानांच्या मध्ये पोचतो. मी बसून बघितलंय. तुमचा हात माझ्यापेक्षा लांब आहे.

तुमची,
मंजू