खोबरेल: खाण्याचे की केसांचे?

महोदय,

खोबरेल हे खाद्यतेल की केशतेल, हा कोकणातल्या घरांना कधी न पडलेला प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अनेक वर्षे रेंगाळला. आमच्या घरी एकाच बरणीतले तेल घावणाच्या तव्याला, बाळाच्या टाळूला आणि आजीच्या वेणीला लागत असे. कर आकारणाऱ्याला मात्र वस्तूचे एकच नाव हवे असते, कारण नावावर दर ठरतो. हा वाद उत्पादन शुल्काच्या काळातला असला, तरी पुढे वस्तू व सेवा करातही खाद्यतेलाला ५ आणि केशतेलाला १८ टक्के, असा मोठा फरक राहिला.

२००९ साली केंद्रीय उत्पादन शुल्क मंडळाने २०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटलीतले खोबरेल केशतेल मानावे, असे परिपत्रक काढले; पुढे ते मागे घ्यावे लागले. बाटलीच्या आकारावरून उपयोग ठरवणे मला तेव्हाही अन्यायाचे वाटले होते. रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात स्वयंपाकाचे तेलही लहान बाटलीतूनच येते. २०१८ साली दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने लहान बाटलीतले शुद्ध खोबरेलही, ते केशतेल म्हणून विकले जात नसेल तर, खाद्यतेलच ठरते असा निर्णय दिला. बाटली केवढी यापेक्षा विकणारा ती काय म्हणून विकतो याला महत्त्व मिळाले, हे योग्यच झाले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलावरही ५ टक्केच कर आहे, त्यामुळे करापुरता हा भेद उरलेला नाही. स्वयंपाकघरात मात्र तो उरतो. दुकानात नुसते ‘खोबरेल द्या’ म्हटले की हाती येईल ती बाटली मिळते, आणि केसांच्या तेलात सुगंधी द्रव्ये किंवा खनिज तेल मिसळलेले असू शकते. खाद्यतेलाच्या बाटलीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि हिरवा ठिपका असतो, पण ही अक्षरे इतकी बारीक असतात की वयस्कर माणसाला ती वाचता येत नाहीत. म्हणून बाटलीच्या दर्शनी भागावर ‘खाण्यासाठी’ किंवा ‘फक्त केसांसाठी’ असे मराठीत ठळक छापणे उत्पादकांवर बंधनकारक करावे, अशी माझी संबंधित खात्यांना विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सावंतवाडी