जुना कॅमेरा घेताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डीएसएलआरची, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्यांची, नवी मॉडेलं कंपन्या आता फारशी काढत नाहीत, म्हणून जुन्यांचा बाजार तेजीत आहे. मक्याचे पैसे हाती आल्यावर मीही लेकीसाठी जुना निकॉन डी३४०० घेतला. दुकानदारानं 'अंधारातही फोटो येतील' म्हणत ५० एमएम एफ/१.८डी लेन्स गळ्यात मारली. अजिंठ्याला गेलो, तर फोकस आपोआप होईचना! या बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) फोकसची मोटर नसते आणि 'डी' लेन्स तर तिच्याच भरवशावर. स्वतःची मोटर असलेली, एएफ-एस लिहिलेली लेन्स हवी होती. पोरगी बिचारी रिंग फिरवत बसली.

लेण्यांत फ्लॅशला मनाई, त्यामुळे जास्त उजेड आत घेणारं एफ/१.८ कामाचं, हे खरं. पण या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) ५० एमएमची नजर मोठ्या सेन्सरवरच्या ७५ एमएमसारखी अरुंद होते. मूर्ती मावते, लेणं नाही. शेवटी कॅमेऱ्यासोबतच्या साध्या किट लेन्सच्या १८ एमएमवर (रुंद नजरेवर), आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ३२०० ठेवून भागवलं.

मेगापिक्सेल सगळेच विचारतात (मीही २४ ऐकून खूश झालो होतो). प्रत्येक फोटोला उघडझाप होऊन झिजणारं शटर किती वेळा उडालंय, ते कुणी विचारत नाही. निकॉनवर काढलेल्या फोटोच्या मूळ फाइलमध्ये तो आकडा सापडतो. पैसे मोजण्याआधी दुकानातच एक फोटो काढून तो आकडा बघा.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. सिल्लोड